सरांच्या सायकलची चेन एवढ्या लवकर का जायली : परळीच्या रस्त्यावरचं एक प्रकरण

आमच्या दुकानात रोज एक तरी माणूस विचारतो की चेनला कोणतं ऑइल भारी, आणि त्याला एका बाटलीचं नाव ऐकायचं असतं. मी नाव सांगत नाही. आधी विचारतो की सायकल कोणत्या रस्त्यानं चालते, महिना कोणता चालूय, आणि तुम्ही चेन पुसणार का नुसतं तेल घालणार. उत्तर या तिन्हींतून निघतं, आणि किती निघतं ते मला सगळ्यात साफ दिसलं ते एका सरांच्या सायकलीत, म्हणून ते प्रकरण सुरुवातीपासून लिहून ठेवतो.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात, शाळा परळीपासून नऊ-एक किलोमीटरवर. शुगर निघाली, डॉक्टरनं व्यायाम सांगितला, तर सरांनी मोटारसायकल घरी लावून गिअरची सायकल घेतली, पुढं तीन दातेरी चाकं मागं सात, आपण एकवीस गिअरची म्हणतो ती. जाऊन-येऊन रोज अठरा किलोमीटर, आठवड्याचे शंभरच्या वर. पहिली चेन वर्षभरात गेली, सोबत मागचं फ्रीव्हील, म्हणजे ती मागची सात दातेरी चाकं, तीही खाऊन गेली, दोन्ही नवीन टाकलं, हजाराच्या घरात खर्च आला. ही गोष्ट दिवाळीनंतरची. आणि फाल्गुनात सर परत दुकानात, चढाला जोर दिला की चेन दातावरून सटकायली आणि आवाज असा की पोरं लांबूनच ओळखायलीत सर आले म्हणून.

सरांचं म्हणणं एकच होतं, "मी तर रोज तेल घालायलोय, मग वाजायली कशी?"

"कोणतं घालताव सर?"

"गाडीचंच, नवीन आहे, सीलबंद डब्यातलं. रोज सकाळी, सगळ्या चेनीला."

इथंच माझा कान उभा राहिला. आपल्याकडं चेन खराब होते ती बहुतेकांची तेल न घातल्यानं, गंजून, कोरडी पडून. हे उलटं प्रकरण होतं. सर म्हणजे शिस्तीचा माणूस, कुपी घेऊन रोज सकाळी पायडल उलटं फिरवत सगळ्या चेनीवर धार सोडायचे, पुसायचं मात्र त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात दोष सरांचा नाही, सायकल विकताना कुणी सांगतच नाही.

सायकल स्टँडला लावून पाहिली. चेनच्या पत्त्या दिसतच नव्हत्या, काळा राडा. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, दोन बारीक पुल्या असतात त्यांचे दात भरून गोल झालेले, नखानं खरवडलं की मेणासारखा थर निघायला लागला. तो राडा चिमटीत घेऊन चोळला तर मऊ लागला नाही, करकर लागला. काळी चेन सगळ्यांचीच असते, काळ्या रंगाचं एवढं काही नाही, पण चिमटीत करकर लागली तर समजायचं की तेलात खडा आहे.

आता रस्ता कसा आहे ते सांगितल्याशिवाय पुढं समजणार नाही. परळीला कोळशावर वीज तयार होते, कोळसा जळाला की राख निघणारच, आणि ती राख वीट आणि सिमेंटच्या कामाला जाते, म्हणजे टिप्परनं रस्त्यावरून जाते. सरांच्या वाटेवर वीटभट्ट्या आहेत. टिप्पर खड्ड्यात आदळला की ताडपत्रीच्या फटीतून राख सांडते, मागून येणाऱ्या गाड्या ती उडवतात, उन्हाळ्यात तर रस्त्याच्या कडेचा पट्टा राखाडीच दिसतो. ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. चुलीतली मऊ, ती भांडी घासायला चालते. कोळशाची उडती राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिनाचे काचेसारखे गोल कण, आणि त्यातले बहुतेक माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा बारीक. जाडी वाळू चेनच्या फटीत शिरतच नाही, बाहेरच्या बाहेर पडते. हे बारीक कण मात्र शिरतात. वर आपली काळी माती, सुकली की पीठ होऊन उडते, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्ता आणखी दळतात. सरांचा रस्ता असा होता, आणि त्या रस्त्यावर ते रोज ताज्या तेलानं चिकट केलेली चेन घेऊन जात होते.

मोजमाप केल्याशिवाय मी कुणाची चेन बदलत नाही. त्याला महागडं हत्यार लागत नाही, स्टीलची फूटपट्टी पुरते, इंचाच्या खुणावाली. सायकलच्या चेनीत एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलीमीटर, कोणत्याही कंपनीची घ्या. म्हणजे नवीन चेनमधे 24 जोड मोजले की बरोबर 12 इंच भरले पाहिजेत, पिनच्या मधोमधपासून पिनच्या मधोमधपर्यंत. चेन थोडी ताणून धरायची. शेवटची पिन 12 इंचाच्या खुणेपुढं 1/16 इंच, म्हणजे दीड मिलीमीटर गेली की चेन बदलायची. 1/8 इंच, म्हणजे तीन मिलीमीटर गेली तर चेनसोबत मागचं फ्रीव्हीलही गेलं समजा, नवीन चेन त्यावर बसत नाही, सटकते. सरांची पहिली चेन तीन मिलीमीटरच्या पुढं होती. ही दुसरी चारच महिन्यांत दीडवर आली होती.

चेन लांबली असं आपण म्हणतो पण लोखंड काही ताणत नाही. आतली पिन झिजते, ती ज्या भोकात फिरते ते भोक मोठं होतं, एका जोडात किती तर 0.06 मिलीमीटर, दिसतसुद्धा नाही. पण चेनीत असे शंभरावर जोड असतात. सगळ्यांची ढिलाई मिळून चेन लांब होते, मग तिचा रोलर, म्हणजे पिनवरचं फिरतं नळकांडं, दाताच्या तळाला न बसता वर चढून बसतो, दात आकडीसारखे वाकडे खाल्ले जातात. सगळी लढाई त्या पिनच्या आत आहे. बाहेरून चेन चकचकीत का काळी याला फार अर्थ नाही, आत काय चाललंय ते महत्त्वाचं.

सर विज्ञानाचे, नुसतं सांगून ऐकणारे नाहीत, म्हणून पुलीवरचा राडा खरवडून काचेच्या बाटलीत टाकला, वर डिझेल ओतलं, जोरात हलवली आणि काउंटरवर ठेवून दिली. तासाभरानं वर काळं डिझेल आणि तळाला बोटभर नाही पण चांगला दिसेल एवढा राखाडी गाळ. स्पीकरमधला लोहचुंबक बाटलीच्या बाहेरून फिरवला तर गाळातला थोडा भाग चुंबकामागं सरकायला लागला, बाकीचा जागेवरच. मी म्हणलं बघा सर, हे सरकायलंय ते तुमच्या चेनचं लोखंड. तर सर म्हणाले, "असं म्हणता येणार नाही, कोळशाच्या राखेतही लोखंडाचा अंश असतो, तोसुद्धा चुंबकाला लागतो." खरी गोष्ट आहे. म्हणून त्या बाटलीवरून लोखंड किती गेलं ते कळत नाही, एवढंच पक्कं कळतं की तेलात दगडाच्या जातीचा बारीक भुगा होता. ती बाटली सर शाळेत घेऊन गेले, पोरांना दाखवायला.

दुसरी कारणंही तपासून घेतली, कारण तेलावर सगळं ढकलायला नको. डिरेलर ज्या कानाला बसतो तो कान वाकला तर चेन तिरपी चालते आणि लवकर झिजते, सरांचा कान सरळ होता. काही लोक पुढं मोठं चाक मागंही मोठं चाक असं लावून चालवतात, चेन तिरपी ओढली जाते, सर मात्र कायम पुढं मधलं आणि मागं तिसरं-चौथं, एकदम योग्य. चेन हलकी होती का? तीच चेन मी आंबाजोगाईच्या बाजूला पहाटे फिरायला जाणाऱ्या एका बँकवाल्यांच्या सायकलला टाकली होती, बालाघाटचा चढ-उतार, म्हणजे चेनवर जोर सरांपेक्षा जास्त, आणि ती दुपटीहून जास्त चालली. ते पंधरा दिवसांतून एकदा तेल घालतात आणि जुन्या बनियनच्या कापडानं पुसतात. चेन एक, दुकान एक, फरक रस्त्याचा आणि हाताचा.

तर झालं काय होतं की इंजिन ऑइल घट्ट असतं, 20डब्ल्यू40 म्हणजे बंद इंजिनात, फिल्टर लावून, गरम होऊन फिरायसाठी बनवलेलं. सायकलच्या उघड्या चेनीला ना फिल्टर ना झाकण. ते बाहेर चिकटून राहतं, राख धरतं, चेन दातावर वाकली की ते मिश्रण थोडं आत ओढलं जातं, दुसऱ्या दिवशी सकाळी सर वरून ताजं तेल घालतात ते बाहेरचा राडा पातळ करून अजून आत ढकलतं. वॉल्व्ह बसवताना मिस्त्री जी ग्राइंडिंग पेस्ट लावतो, तेलात खरखरीत पूड कालवलेली, तीच सर रोज न कळत तयार करून चेनीत भरत होते. पहिली चेन तरी वर्षभर टिकली कारण तिच्या वाट्याला पावसाळा आला, राख रस्त्यावरच बसून राहिली, धुऊन गेली. दुसरीच्या वाट्याला सगळे कोरडे महिने आले.

आता मुद्द्याचा भाग. सरांच्या सायकलला काय घालायचं? जे जे आपल्याकडं लोक घालतात ते सगळं एकेक करून बाजूला काढलं.

जळकं ऑइल, गॅरेजवाल्याकडं फुकट मिळतं म्हणून अजून लई लोक घालतात. त्यात आधीच इंजिनातला लोखंडाचा बारीक चुरा, काजळी आणि आम्ल असतं, चेनला तर वाईटच, हातालाही वाईट, कातडीतून त्रास होतो, लहान पोरांच्या हातात तर देऊच नये. ग्रीस आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल हे जाड, पिनच्या आत शिरत नाही, बाहेर बसून धूळ गोळा करतं. मोटारसायकलच्या चेनचा स्प्रे मुद्दाम चिकट बनवलेला असतो, वेगात फेकला जाऊ नये म्हणून, आपल्या वीसच्या वेगाला त्या चिकटपणाचा काही उपयोग नाही, नुसती राख चिकटते. आणि डिस्क ब्रेकची सायकल असेल तर कोणताही स्प्रे चेनवर मारताना तो उडून डिस्कवर बसला की ब्रेकच लागत नाही, हे लक्षात ठेवा, जिवाशी खेळ आहे.

डब्ल्यूडी-40 बद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. निळा-पिवळा डबा घरात असतो, मारला की आवाज दोन मिनिटांत बंद, माणूस खुश. तो 1953 साली अमेरिकेत पाणी हटवून गंज थांबवण्यासाठी बनवलेला, त्या कामाला चांगलाच आहे, अडकलेला नट सोडवायला मीही वापरतो. पण त्यातला मोठा भाग पातळ द्राव असतो, तो चेनच्या आतलं टिकाऊ वंगणही धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. आठवड्यात चेन परत कोरडी. त्याच कंपनीचं सायकलच्या चेनसाठीचं वेगळं तेलही मिळतं, ते वेगळं, घोळ करू नका.

घरातलं खायचं तेल. आपल्या मराठवाड्यात करडई पिकते तर करडईचं तेल घालणारे म्हातारे मी पाहिलेत. करडईचं तेल हवेत राहिलं की घट्ट होऊन वार्निशसारखं सुकतं, म्हणून तर ते रंगाच्या धंद्यात वापरतात. चेनच्या पिनमधे वार्निश कुणाला पाहिजे? शेंगदाणा, सोयाबीन यांचंही थोडं उशिरा पण तेच, चिकट होतं.

शिलाई मशीनचं तेल. याला मी वाईट म्हणणार नाही. पातळ आहे, पिनच्या आत शिरतं, स्वस्त आहे, तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतं. टिकतं कमी, पाऊस आला की गेलंच. पण ज्याला बाकी काही मिळत नाही त्यानं आठवड्यातून एकदा एका रोलरला एक थेंब घालून बाहेरून कोरडं पुसलं तर महागड्या बाटलीवाल्या न पुसणाऱ्या माणसापेक्षा त्याची चेन जास्त चालते. सरकारच्या मानव विकास योजनेत मिळालेल्या सायकलींवर शाळेला जाणाऱ्या पोरींना मी हेच सांगतो, त्यांच्या सायकलला गिअर नसतो, चेन रुंद आणि दणकट असते, बऱ्याच जणींच्या सायकलला चेनकव्हर असतं ते अर्धी धूळ आधीच अडवतं. फक्त कव्हर वाजतं म्हणून काढून फेकू नका, पत्ती वाकवून सरळ करून मिळते, कोणताही मिस्त्री करून देतो.

मग राहिली सायकलच्या चेनसाठीच बनवलेली तेलं, ती दोन जातीची. वेट ल्यूब म्हणजे ओलं राहणारं, पावसात टिकणारं, पण धूळ धरणारं. ड्राय ल्यूब म्हणजे मेण नाहीतर टेफ्लॉनसारखं काहीतरी पातळ द्रावात मिसळलेलं, घातलं की द्राव आत शिरतो, काही तासांत उडून जातो, मागं कोरडा थर राहतो. बाटली आधी हलवायची, मेण तळाला बसलेलं असतं, न हलवता घातलं तर नुसता द्रावच घातल्यासारखं. आणि रात्री घालायचं, सकाळी निघता निघता घातलं तर ते सुकतच नाही, ओल्यावरच धूळ बसते. परळीत ह्या बाटल्या सहसा ठेवत नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागतात.

आणि तिसरा मार्ग म्हणजे तेलच नको, वितळलेल्या पॅराफिन मेणात चेन बुडवून काढायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण सुक्या बारीक धुळीसाठी यापेक्षा चांगलं मला काही माहीत नाही, कारण आत मेण गोठून बसतं आणि बाहेरची बाजू कोरडी राहते, राख चिकटायला जागाच नाही. तोटे दोन : चेन दर वेळी काढावी लागते, आणि पावसात मेण गंज रोखत नाही.

सरांना दोन्ही समोर ठेवले. ड्राय ल्यूबची बाटली म्हणजे आठवड्याला एकदा घालणं, सोपं. मेण म्हणजे तीनेकशे किलोमीटरला एकदा बुडवणं, सरांच्या हिशोबानं साधारण तीन आठवड्यांनी. माझं मत मेणाकडं होतं आणि कारण सरांचा स्वभाव. ज्या माणसाला रोज काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही त्याच्या हातात तेलाची बाटली दिली की तो परत जास्तच घालणार. मेणात जास्त घालायची सोयच नाही. सरांना ते पटलं, म्हणाले दोन चेन घेऊ, दोन्ही एकदाच बुडवू, एक लावू एक डब्यात ठेवू, म्हणजे दीड महिन्यातून एकदाच चूल पेटवायची. हे डोकं सरांचं, मी नंतर बाकी गिऱ्हाइकांनाही तेच सांगायला लागलो.

चेन परत परत काढायची म्हणून मॅजिक लिंक टाकली, हातानं उघडणारी जोडकडी, सात गिअरच्या चेनला बसणारी. पिन ठोकून काढत बसलं की त्याच जागी चेन कमजोर होते.

खरं कष्टाचं काम एकदाच आहे, पहिली सफाई. मेण तेलकट लोखंडाला धरत नाही, म्हणून नवीन चेनीवरचं कंपनीचं ग्रीससुद्धा पूर्ण काढावं लागतं, इतर वेळी ते राहू द्यायचं असतं कारण ते चांगलं असतं. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालतं. प्लास्टिकच्या बरणीत चेन आणि डिझेल, झाकण लावून हलवायचं, काळं झालं की बदलायचं, स्वच्छ निघेपर्यंत. डिझेल स्वतः तेलकट थर सोडतं, म्हणून त्यानंतर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन, आणि शेवटी मोबाईल रिपेअरिंगवाले सर्किट पुसायला वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. वाळली की चेन हातात घेऊन हलवा, खुळखुळ कोरडा आवाज आला पाहिजे आणि बोटाला काही लागता कामा नये. हे सगळं उघड्यावर करा, जवळ चूल-बिडी नको. पेट्रोल वापरूच नका, त्याची वाफ लांबून पेट घेते. काळं डिझेल नालीत ओतायचं नाही, बरणीत तसंच ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला कामाला येतं.

गंजलेली चेन टॉयलेट क्लीनरमधे बुडवून पांढरी करणारे बरेच आहेत, व्हिडिओ पण फिरतात. करू नका. चेनच्या पत्त्या कडक स्टीलच्या असतात, आम्लानं त्या ठिसूळ होतात आणि चढाला जोर देताना तुटतात, शिमानोच्या पुस्तिकेतसुद्धा आम्ल आणि क्षारवालं क्लीनर वापरू नका असं लिहिलेलं असतं.

फ्रीव्हील, पुढची चाकं, पुल्या हेही तेवढंच साफ केलं, नाहीतर तिथला जुना राडा मेणाच्या चेनीला परत लागतो. फ्रीव्हीलच्या दोन चाकांमधे डिझेलात भिजवलेली सुतळी घालून दोन्हीकडून ओढायची, मस्त निघतं. फक्त फ्रीव्हीलवर डिझेल ओतायचं नाही, आतल्या छर्‍यांचं ग्रीस धुऊन जातं. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी मारणं तर सायकलला कधीच नको, पाणी हबमधे आणि पायडलच्या एक्सलमधे घुसतं.

मेण अर्धा किलो, साधं पांढरं पॅराफिन, वासाचं रंगाचं नको. स्टीलच्या डब्यात मेण, तो डबा पाण्याच्या पातेल्यात, पातेलं गॅसवर. सरळ गॅसवर मेण कधीच ठेवायचं नाही, जास्त तापलं तर पेट घेतं, आणि पाण्याचा शिंतोडा मेणात जाऊ द्यायचा नाही. साठ अंशाच्या आसपास मेण वितळतं. चेन तारेत ओवून आत सोडली की बारीक बुडबुडे यायला लागतात, ती पिनच्या आतली हवा आहे, आणि हेच पाहायचं असतं. सर तर घड्याळ लावून पाहत बसले होते. अधूनमधून तार हलवली की अजून थोडे येतात. बुडबुडे पूर्ण थांबले म्हणजे आत मेण भरलं. मग गॅस बंद, मेण थोडं निवू द्यायचं, वरच्या कडेला साय धरायला लागली की चेन काढून खिळ्याला टांगायची. गार झाल्यावर ती काठीसारखी ताठ होते, एकेक जोड हातानं वाकवून मोकळा करायचा, बाहेरचं मेण गळून पडतं, आतलं राहतं. पहिल्या दिवशी थोडा भुगा पडतो, गिअर जरा जड पडतात, घाबरायचं कारण नाही.

उन्हाचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. आपल्याकडं मे महिन्यात 43 पर्यंत जातं, उन्हात उभी केलेली सायकल त्याहून तापते. सावलीत लावा एवढंच. थोडं मऊ झालं तरी सावलीत परत गोठतं, तेलासारखं वाहून फ्रीव्हीलवर पसरत नाही.

निकाल सांगताना जरा सांभाळून सांगतो. होळीच्या सुमारास मेण सुरू केलं ते शाळेच्या सुट्टीपर्यंत, परत दसऱ्यानंतर पुढची होळी येईपर्यंत. दोन चेन आलटून पालटून, म्हणजे प्रत्येकीवर निम्मंच अंतर, हे धरूनच मोजलं पाहिजे, नाहीतर खोटी शाबासकी होते. तरी प्रत्येक चेन त्या जुन्या दुसऱ्या चेनीइतकं अंतर चालून गेल्यावर फूटपट्टी लावली तर शेवटची पिन खुणेच्या जरा पुढं, अर्धा मिलीमीटरही म्हणता येईना. जुनी तेवढ्याच अंतरात दीडवर होती. फ्रीव्हील तेच चालू आहे. आवाज नाही. डिरेलरच्या पुल्यांचे दात दिसतात. सरांच्या पँटीला काळं लागत नाही याचा आनंद घरी जास्त झाला असं सरच म्हणाले.

यात नुसत्या मेणाला श्रेय देता येणार नाही. पहिली सफाई नीट झाली, रोजची तेलाची धार थांबली, आणि सर आता शाळेत पोचले की कोरड्या फडक्यात चेन धरून दोन वेळा पायडल उलटं फिरवतात. हे पुसणं मेण नसतानाही अर्धं काम करतं.

पावसाळ्याचं गणित वेगळं ठेवलं. मृग लागायच्या आधी एकच चेन ठेवायची, तिच्यातलं मेण उकळत्या पाण्यानं काढून, वाळवून वेट ल्यूब घालायचं, एका रोलरला एक थेंब, चेनच्या खालच्या पट्ट्यावर आतल्या बाजूनं, रात्रभर मुरू देऊन सकाळी बाहेरून एवढं पुसायचं की हात लावला तर नुसता डाग पडावा, थेंब निघू नये. काळ्या मातीचा चिखल बसला तर तो सुकायच्या आत साध्या पाण्यानं, मग हलक्या साबणाच्या ब्रशनं काढायचा, चेन फडक्यानं कोरडी करून परत थेंब. आपल्याकडं पाऊस खंड देऊन पडतो, श्रावणातही पंधरा-पंधरा दिवस कोरडे जातात आणि राख परत उडायला लागते. अशा खंडात तेल घालायचं नाही, फक्त पुसायचं, आणि चेन चिमटीत धरून पाहायची. करकर लागली तर उतरवून डिझेलच्या बरणीत टाकायची, वरून अजून तेल घालून आवाज दाबायचा नाही. दुसरी चेन मेण लावलेली तशीच कोरड्या डब्यात, दसऱ्याच्या पूजेला सायकल धुतली की ती चढवायची.